चामड्याचे दागिने घडवताना: सोलापूरच्या उन्हाघामात टिकेल असं चामडं आणि सामान कसं निवडावं

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो. गळ्यातली दोरी आणि मनगटावरचं कडं दिवसभर घामात असतं आणि चामड्याच्या दागिन्याची परीक्षा तिथेच होते. गिऱ्हाईक परत येतं ते ठरावीक तक्रारी घेऊन: मानेला रंग लागला, पितळी कडी हिरवी झाली, टोकाच्या धातूच्या टोपीतून दोरी निसटली, कानातलं वाळून वाकडं झालं. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ हातकामात नसतं, खरेदीत असतं. म्हणून चामडं हातात घेण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: हा दागिना कातडीला कुठे आणि किती वेळ लागून राहणार? बाकीची निवड त्यावरून करायची.

आधी दागिना, मग जाडी

कानातल्यांसाठी ०.८ ते १.२ मिमी जाडीचं शेळीचं चामडं पुरतं. ४ बाय ६ सेंटिमीटरच्या पानाचं क्षेत्रफळ साधारण १७ चौरस सेंटिमीटर भरतं. १ मिमी जाडीत त्याचं वजन दीड-पावणेदोन ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे हूक आणि एखादा मणी धरूनही कानाला भार जाणवत नाही. तेच पान चपलेच्या तळाच्या उरलेल्या तुकड्यातून कापलं तर वजन तिप्पट-चौपट होतं आणि कानाचं भोक ओढलं जातं.

मनगटावरच्या पट्टीला १.८ ते २.५ मिमी हवं. म्हशीचं व्हेज-टॅन (झाडाच्या सालीसारख्या तुरट पदार्थांनी कमावलेलं चामडं) इथे सर्वांत चांगलं. तेवढ्या जाडीचं मिळालं नाही तर १ मिमीचे दोन थर मांसाकडच्या, म्हणजे खरबरीत, बाजू एकमेकींना लावून चिकटवावेत. असं दुहेरी काम खरं तर जास्त सुबक दिसतं, कारण आतली बाजूही गुळगुळीत राहते. ठसे उमटवायच्या पेंडंटला २ मिमी व्हेज-टॅन, ओलं करून वळवायच्या पाकळ्यांना १ मिमी व्हेज-टॅन, झालरीला मेंढीचं मऊ चामडं किंवा स्वेड (मखमली लव असलेलं चामडं). मेंढीचं चामडं ताणलं की लांबतं, म्हणून वजन पेलणाऱ्या जागी ते कधीच वापरू नये.

व्हेज-टॅन की क्रोम

दुकानात रंग आणि चमक पाहून चामडं उचललं जातं, पण कामाच्या दृष्टीनं पहिली गोष्ट म्हणजे ते कमावलंय कशानं. बाभळीची साल, हिरडा अशा तुरट पदार्थांनी कमावलेलं ते व्हेज-टॅन. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं, आणि त्या चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, साताऱ्याबरोबर सोलापूर जिल्हाही आहे. म्हणजे हे चामडं ओळखणारे हात जिल्ह्यातच आहेत. नवख्यानं पहिली खरेदी चपलेच्या कारागिराला सोबत घेऊन केली तर बरीच फसगत टळते.

व्हेज-टॅन पाणी पितं, ओलं असताना हवा तसा आकार घेतं आणि वाळल्यावर तो धरून ठेवतं. ठसा नीट उमटतो, कडा घासून चकचकीत करता येतात. त्याचे दोषही आहेत: उन्हानं आणि हाताच्या तेलानं ते गडद होत जातं, पाण्याचा थेंब पडला तर डाग राहतो, आणि लोखंड लागलं की काळं पडतं. सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळा क्षार तयार होतो, तो धुऊन जात नाही. म्हणून व्हेज-टॅनवर काम करताना गंजकी पट्टी, लोखंडी चुका, लोखंडी भांड्यातलं पाणी आसपाससुद्धा नको.

क्रोम चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, रंग पक्का धरतं, घाम आणि पाणी जास्त सोसतं. बाजारात पर्सा, जॅकेटं, बूट यांसाठी येणारं बहुतांश चामडं हेच. पण ते आकार धरत नाही, ठसा दोन दिवसांत पुसट होतो आणि कडा घासून गुळगुळीत होत नाहीत. त्यांना एज पेंट (कडेवर बसणारा जाड रंग) लावावा लागतो किंवा त्या दुमडाव्या लागतात. रंगीत कानातली, झालरी, गोफ यांना क्रोम चालतं. ठसे, फुलं, मनगटावरची कडी यांना नाही.

क्रोमबद्दल एक खबरदारी. कमावताना वापरतात ते क्रोमियम त्रिसंयुजी असतं आणि ते तितकंसं घातक नाही. प्रक्रिया नीट झाली नसेल तर त्याचा काही भाग षट्संयुजी होतो आणि त्यानं त्वचेवर पुरळ, खाज येऊ शकते. युरोपात कातडीला लागणाऱ्या चामड्यात याची मर्यादा २०१५ पासून किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. म्हणून निर्यातीच्या दर्जाचा माल करणाऱ्या टॅनरीचं, पावती असलेलं चामडं घ्यावं. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांच्यासाठी पट्टीच्या आत शेळीच्या व्हेज-टॅनचं अस्तर द्यावं. असं अस्तर तमिळनाडूत तयार होणाऱ्या ई. आय. (ईस्ट इंडिया) चामड्यातून फार छान निघतं. शेळी-मेंढीचं, सालीनं कमावलेलं, पातळ आणि फिक्या रंगाचं असं हे चामडं आहे, आणि त्यालाही भौगोलिक मानांकन आहे.

दुकानदाराच्या सांगण्यावर न जाता दोन्हींतला फरक घरी तपासता येतो. आधी कापलेली कड पाहा. व्हेज-टॅन आरपार तपकिरी दिसतं, क्रोमच्या मधोमध बहुधा निळसर-करडा थर असतो. पण आतपर्यंत रंगवलेल्या क्रोममध्ये तो दिसत नाही. तेव्हा १ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर लांब पट्टी कापून तिची लांबी लिहून ठेवा आणि उकळत्या पाण्यात दोन मिनिटं सोडा. व्हेज-टॅन आखडतं, वेटोळं होतं आणि थंड झाल्यावर कडक पडतं. नीट कमावलेलं क्रोम होतं तसंच राहतं. जाळून पाहायचं असेल तर अगदी बारीक तुकडा चिमट्यात धरून उघड्यावर जाळा. खऱ्या चामड्याला जळक्या केसांचा वास येतो, रेक्झिन वितळून थेंब पडतात आणि प्लास्टिकचा दर्प सुटतो. क्रोमच्या राखेत हिरवट छटा दिसते.

रेक्झिनपेक्षा जास्त फसवतं ते बाँडेड लेदर. चामड्याचा भुसा गोंदात मळून त्याचे तक्ते काढतात. वास चामड्याचाच येतो, मागची बाजूही तशीच दिसते. कोपरा नखानं उकलून ओढा. खऱ्या चामड्याचे तंतू लांब निघतात, बाँडेडचा चुरा होतो. कानातल्याचं भोक सहा महिन्यांत फाटतं ते याचंच.

कातडं वाचायला शिका

चामडं चौरस फुटांवर विकलं जातं. मागच्या बाजूला शिक्क्यानं किंवा खडूनं आकडा लिहिलेला असतो आणि त्याच्या शेजारी वर एक छोटा आकडा असतो. तो छोटा आकडा पाव फुटांचा. ४ च्या डोक्यावर २ म्हणजे साडेचार चौरस फूट. हे माहीत नसलेल्याला ते ४२ किंवा ४.२ वाटतं आणि हिशेब चुकतो. शेळीचं एक चामडं साधारण ४ ते ६ चौरस फुटांचं असतं. म्हशीची अर्धी बाजू त्याच्या कितीतरी पट मोठी, म्हणून सुरुवातीला पूर्ण बाजू न घेता पाठीकडचा तुकडा मागावा, थोडा महाग पडला तरी.

पाठीचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो. पोटाकडचा सैल असतो आणि ओढलं की वाढतो. मानेवर आडव्या सुरकुत्या असतात. पट्ट्या नेहमी पाठीच्या कण्याच्या दिशेनं, लांबीत कापाव्यात. पोटाकडून आडवी कापलेली पट्टी महिन्याभरात सेंटिमीटरभर लांबते आणि मनगटावर फिरू लागते. पोटाचे तुकडे फेकू नका. त्यांतून फुलं, पाकळ्या, अस्तराच्या चकत्या निघतात.

विकत घेण्याआधी केसांकडची, म्हणजे गुळगुळीत, बाजू आत ठेवून चामडं दुमडा. बारीक, दाट रेषा आल्या तर माल चांगला. मोठ्या, पोकळ सुरकुत्या आल्या तर वरचा थर आतल्यापासून सुटलेला आहे, त्यावर चिकटवलेलं काहीच टिकणार नाही. मग उलटं, केसांकडची बाजू बाहेर ठेवून दुमडा. वर तडे दिसले तर चामडं तेलाविना सुकलेलं आहे किंवा वरचा रंगाचा लेप जाड आहे. गोचिडाचे ठिपके, ओरखडे हे दोष नव्हेत. कानातल्यांच्या दोन पानांवर ते सारखे येणार नाहीत एवढं मात्र बघावं.

जाडी बोटांनी अजमावू नका. चामड्याच्या जाडीचा गेज किंवा साधा व्हर्नियर कॅलिपर सोबत ठेवा आणि एकाच चामड्यावर चार ठिकाणी मोजा. ऑनलाइन परदेशी सामानावर जाडी औंसात लिहिलेली असते. १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मिमी, म्हणजे ३ औंस म्हणजे १.२ मिमी.

रंगाची परीक्षा दुकानातच करावी. त्यासाठी पांढऱ्या टर्किश टॉवेलचा तळहाताएवढा तुकडा खिशात ठेवावा. टॉवेलांच्या गावात तो मिळायला अडचण नाही. अर्धा लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ घातलं की घामाच्या खारटपणाच्या जवळ जातं. टॉवेलचं एक टोक कोरडं ठेवून वीसदा घासा, दुसरं या पाण्यात भिजवून वीसदा. कोरड्याला रंग लागला तर ते चामडं सोडून द्या. ओल्याला अगदी फिकी छटा आली तर कानातल्यांना चालेल, गळ्याला आणि मनगटाला नाही. गडद लाल, निळा आणि काळा या रंगांत ही परीक्षा कधीच टाळू नये.

किती माल लागेल याचा अंदाज असा: साडेचार चौरस फूट म्हणजे सुमारे ४,१८० चौरस सेंटिमीटर. कडा, सैल भाग आणि डाग वजा जाता ७० टक्के हाती लागतं असं धरा, म्हणजे २,९००च्या आसपास. ५ बाय ७ सेंटिमीटरच्या चौकटीत बसणारं पान असेल तर एका शेळीच्या चामड्यातून ८० पानं, म्हणजे ४० जोड्या निघतात. पहिल्या खेपेला ३० जोड्या धरूनच किंमत लावा. कापताना चुकतं ते या फरकातून भरून निघतं.

कोणत्या जनावराचं चामडं, हे विचारून पावतीवर लिहून घ्यावं. राज्यात २०१५ च्या कायदादुरुस्तीनंतर गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे व्यवहारात म्हैस, शेळी, मेंढी हेच पर्याय उरतात. साप, घोरपड यांचं कातडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, ते कुणी स्वस्तात दिलं तरी हात लावू नये. सापाची नक्षी हवी असेल तर छापलेलं शेळीचं चामडं मिळतं.

दोरी

गोल चामडी दोरी १, १.५, २ आणि ३ मिमीत मिळते. लहान पेंडंटला १.५, जड पदकाला २, मनगटाला ३ मिमी. दोरी विकत घेताना रिळाची दहा-बारा हात दोरी बोटांतून सरकवा. जोड असेल तिथे ती जाड आणि कडक लागते. जोडावर वाकवली तर गोंद फुटतो, म्हणून जोड कापून बाजूला टाकायचा आणि तेवढी लांबी दुकानदाराकडून भरून घ्यायची. दोन टोकं धरून झटका द्या. स्वस्त दोरीवरचा रंग तिथेच तडकतो.

दोरी पेंडंटच्या वजनानं लांबते, विशेषतः पहिल्या आठवड्यात. कापण्याआधी एक रात्र वजन लावून टांगून ठेवली की पुढची तक्रार मिटते. अर्धा लिटर पाण्याची बाटली त्याला पुरते.

मणी निवडताना दोरीच्या जाडीपेक्षा भोक ०.३ ते ०.५ मिमी मोठं हवं. मोत्यांचं भोक मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, त्यातून चामडी दोरी जाणार नाही. हिऱ्याच्या कणांच्या रीमरनं (भोक मोठं करायच्या बारीक कानशीनं), मोती पाण्यात बुडवून ठेवून, ते हळूहळू मोठं करता येतं, पण काचेचे मणी यात फुटतात. भोक मोठं करण्याऐवजी टोकाचे २ सेंटिमीटर रापीनं (चामडं सोलायच्या सुरीनं) तिरके सोलून त्याला फेविक्विकचा थेंब लावावा. ते सुईसारखं कडक होतं, मणी ओवून झाले की कापून टाकायचं.

गाठीच्या कामात पटवेकऱ्यांना तोड नाही. मोत्यांचे आणि पोतीचे सर ते दोऱ्यावर गाठवतात, मागे सरकणारी गाठ देतात. तीच सरकगाठ १.५ मिमीच्या चामडी दोरीवर छान बसते आणि फाश्याची (दागिना बंद करायच्या अडकणीची) गरजच उरत नाही. मात्र २ मिमीच्या वर ती बोजड दिसते.

कड्या, फासे, हूक

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, कारण सामान लहान आणि स्वस्त असतं आणि कुणी तपासत नाही. बाजारात जाताना खिशात लहानसं चुंबक ठेवा. कडी किंवा हूक त्याला घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे, वरचा सोनेरी मुलामा काही महिन्यांचा पाहुणा. घामानं मुलामा गेला की लोखंड गंजतं आणि व्हेज-टॅनवर काळा डाग पडतो. पितळ, तांबं, चांदी चिकटत नाहीत. ३०४ आणि ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टीलही जवळजवळ चिकटत नाही.

पितळ देखणं असतं आणि सोलापुरात सहज मिळतं, पण त्यात तांबं आहे. घाम, चामड्यातलं तेल आणि आम्ल यांनी तांब्याला हिरवा कळंक चढतो, आणि तो चामड्यात मुरतो. पितळ वापरायचं तर ते लाखेचा पातळ हात दिलेलं घ्यावं, किंवा धातू आणि चामड्याच्या मध्ये अस्तर येईल अशी रचना करावी. कानाच्या भोकात जाणारा हूक मात्र ३१६ स्टील किंवा ९२५ चांदीचाच असावा, त्यात काटकसर नको. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांत सर्रास येणाऱ्या जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू आहे, आणि निकेलनं अनेकांचे कान चिघळतात. त्याचं पदक गळ्यात चालेल, हूक नको.

कडीची तार मिलिमीटरमध्ये मागा, गेजमध्ये नाही. आपल्याकडच्या तारेच्या १८ गेजला १.२२ मिमी येतं, अमेरिकी मापाच्या १८ गेजला १.०२. अर्धा माल एका मापाचा आणि अर्धा दुसऱ्या मापाचा आला तर जोडी जुळत नाही. कानातल्यांना ०.८ मिमी, गळ्याला १, मनगटाला १.२. कडी उघडताना दोन पकडींनी तिची टोकं मागे-पुढे फिरवायची. बाजूला फाकवली तर ती पुन्हा गोल होत नाही आणि त्या फटीतून दोरी निसटते.

टोकाची टोपी दोरीपेक्षा ०.२ मिमी मोठी हवी: ३ मिमी दोरीला ३.२ मिमी आतला व्यास. त्याहून सैल टोपी गोंदानं भरून काढायचा मोह होतो, पण तो गोंदाचा गोळा सुटतो. पट्टीच्या टोकाला दात असलेली क्लिप लावतात. ती नायलॉन तोंडाच्या पकडीनं दाबावी आणि दात रुतले की थांबावं. जोरानं दाबली तर दात चामडं कापतात आणि तुटतं तिथेच.

रिव्हेटच्या दांड्याची लांबी म्हणजे सगळ्या थरांची जाडी अधिक २ ते ३ मिमी. लांब पडला तर आत वाकतो आणि डोकं तिरकं बसतं, आखूड पडला तर पकडच होत नाही. लोहचुंबकी फासा दिसायला सोपा, पण जड गोफाला तो नको, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसाला असा दागिना विकताना सांगायला हवं.

चिकटवणं

चामड्याला चामडं जोडायला चांभाराचं सोल्यूशन, म्हणजे फेव्हिबॉन्डसारखा रबरी गोंद. केसांकडची गुळगुळीत बाजू असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडा, नाही तर गोंद वरच राहतो. दोन्ही बाजूंना पातळ हात द्या आणि थांबा. बोट लावल्यावर चिकट जाणवलं पाहिजे पण बोटाला गोंद येता कामा नये. एरवी याला १० ते १५ मिनिटं लागतात, मे महिन्यात पाच-सातच. दुपारच्या गरम वाऱ्यात वर साय धरते, आत ओलं राहतं आणि जोड दुसऱ्या दिवशी सुटतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी दहाच्या आत उरकावं, पंख्याखाली नाही. या गोंदाची वाफ पेट घेते. गॅस, देवघरातली समई, उदबत्ती दूर हवी आणि खिडक्या उघड्या. जोडल्यावर हातोडीनं हलके ठोके देऊन २४ तास दाबून ठेवा.

धातूच्या टोपीत दोरी बसवायला दोन भागांची अॅराल्डाइट. दोरीचं टोक शेवटचे ५ मिमी खरवडा, टोपी आतून स्पिरिटनं पुसा, काडीनं गोंद टोपीत घाला (दोरीला लावला तर आत जाताना सगळा बाहेर निघतो). २४ तासांनी परीक्षा घ्या: दोन लिटरची भरलेली बाटली एक मिनिट टांगून पाहा. फेविक्विकनं हे काम लगेच होतं, पण तो चामडं काचेसारखं ठिसूळ करतो आणि टोपीच्या तोंडाशी दोरी मोडते.

कडा आणि तेल

व्हेज-टॅनच्या कडा घासायला परदेशी बाटल्यांची गरज नाही. उन्हाळ्यात किराणा दुकानात मिळणारा कतिरा गोंद ३ ग्रॅम घ्या, २०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा. ही खळ कडेला बोटानं लावून लाकडी दांडक्यानं किंवा जाड सुती कापडानं कड तापेपर्यंत घासायची. खळ फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, मग आंबते. रंग द्यायचा असेल तर तो खळीच्या आधी. खळ लागलेल्या कडेला रंग धरत नाही.

शेवटच्या हाताला मधमेण एक भाग आणि एरंडेल दोन भाग, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. आपल्या उन्हाळ्यात याहून कमी मेण घातलं तर लेप पाझरतो. घरात करडईचं तेल आहे म्हणून ते लावू नका. ते हवेत हळूहळू वाळून चिकट होतं आणि धूळ धरतं. एरंडेल तसं वाळत नाही.

बोअरचं पाणी चामडं भिजवायला वापरू नये. क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि पाण्यात लोह असेल तर चामडं काळवंडतं. आरओचं पाणी घ्या.

मनगटी पट्टी: मापापासून शेवटच्या हातापर्यंत

मनगट १६ सेंटिमीटर, चामडं २ मिमी व्हेज-टॅन, रुंदी २ सेंटिमीटर, बंद करायला गोल डोक्याचा पितळी स्टड (मागून स्क्रूनं बसणारं, भोकात अडकणारं बटण), असं धरू.

१. माप. चामडं वळलं की आतला घेर कमी होतो, म्हणून जाडीच्या तिप्पट लांबी वाढवायची, इथे ६ मिमी. हालचालीसाठी १ सेंटिमीटर. म्हणजे स्टडपासून पहिल्या भोकापर्यंत १६ + ०.६ + १ = १७.६ सेंटिमीटर. स्टडच्या मागे १.२, दुसरं भोक १ सेंटिमीटर पुढे, त्यानंतर टोक १.५. एकूण २१.३ सेंटिमीटर. आधी ही पट्टी जाड कागदाची कापून मनगटावर लावून बघा.

२. कापणं. चामड्यावर पेननं रेघ मारू नका, आरीच्या टोकानं हलकी खूण करा. स्टीलची पट्टी घट्ट धरून नव्या पात्यानं दोन-तीन हलक्या फेऱ्यांत कापा. एकाच जोरकस फेरीत पातं तिरकं जातं आणि कड उतरती होते.

३. भोकं. स्टडच्या मानेएवढं भोक, बहुधा ३.५ ते ४ मिमी. प्रत्येक भोकापासून ४ मिमीची चीर द्या, ती पट्टीच्या मधल्या अंगाला, टोकाच्या अंगाला नाही. ताण टोकाकडच्या काठावर येतो. तिथे चीर असली तर स्टड आपोआप सुटतो.

४. रंग, मग कडा. रंग पातळ दोन हातांत द्या, सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेली ओली पट्टी कडक आणि वाकडी होते. पूर्ण वाळल्यावर कोरड्या फडक्यानं घासून सुटा रंग काढा, मग खळीनं कडा.

५. वळण. आरओच्या पाण्यानं पट्टी पुसून ओलसर करा, भिजवू नका, मनगटाच्या घेराच्या बाटलीभोवती सुती पट्टीनं बांधून २४ तास ठेवा. रबरबँड बांधलं तर त्याची खूण कायमची राहते.

६. स्टड. आत कातडीला लागणाऱ्या स्क्रूवर १ मिमीपेक्षा पातळ शेळीच्या चामड्याची चकती चिकटवा. पितळाचा हिरवा डाग मनगटावर येत नाही आणि स्क्रूही फिरून सैल होत नाही.

७. मेण-एरंडेलाचा पातळ हात, अर्ध्या तासानं पुसून काढा.

गोफ विणायचा असेल तर चार पदरी गोफाला प्रत्येक पदर तयार लांबीच्या दीडपट घ्या. शेवटच्या बोटभरासाठी पदर कमी पडला तर जोड देता येत नाही.

खरेदी कुठून, केव्हा

मणी, शिलाईचं सामान, इमिटेशनचे सुटे भाग यांसाठी नवी पेठ आणि मधला मारुतीचा परिसर आधी पालथा घालावा. चामड्याची निवड मोठी हवी तर धारावी. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरलं की दिवसभर बाजार करून परत फिरता येतं. ऑनलाइन मागवताना पूर्ण चामडं मागवण्याआधी तळहाताएवढा नमुना मागवा, वरच्या सगळ्या परीक्षा त्यावर होतात. जानेवारीतल्या गड्डा यात्रेसाठी माल करायचा असेल तर चामडं ऑक्टोबरात हातात हवं. एकाच रंगाची दुसरी खेप क्वचितच तंतोतंत जुळते, त्यामुळे एका रंगाची पुरी गरज एकदमच घ्यावी.

चामडं गुंडाळी करून, सुती कापडात, जमिनीपासून वर ठेवावं. घडी घातली तर तिची रेघ जात नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या चामड्याला सप्टेंबरच्या पावसात बुरशी धरते. धरलीच तर कोरड्या ब्रशनं घराबाहेर झाडा, स्पिरिटच्या फडक्यानं पुसा आणि सावलीत वारा द्या.

विकताना दागिन्यासोबत एक चिठ्ठी द्यावी: जनावर कोणतं, धातू कोणता, आंघोळीआधी काढा, अत्तर आधी लावा आणि दागिना नंतर घाला, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. देवळात चामडं नको म्हणणारं गिऱ्हाईक पंढरपूर-अक्कलकोटच्या वाटेवरच्या या गावात नेहमी भेटणार. त्यांच्यासाठी तेच पेंडंट २ मिमीच्या मेणवलेल्या सुती दोरीवर करून ठेवावं. मात्र टोपी वेगळी घ्यावी लागेल. सुती दोरी दाबली की बारीक होते, म्हणून तिला ०.२ मिमी मोठी नाही, नेमकी २ मिमीची टोपी बसते.